दार लावून द्यायची परीक्षा

ऋतुजा पोवारच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला, तेव्हा मी देसाई साहेबांच्या केबिनमध्ये पोह्यांच्या प्लेटा मांडत होते. मुंबईहून हेड ऑफिसचे पाहुणे यायचे होते. टेबलाच्या एका कोपऱ्यात माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर परीक्षेला बसलेल्या आमच्या चार मुलींची नावं दिसत होती. हिरवा ठिपका म्हणजे परीक्षा सुरळीत चालू आहे. पिवळा म्हणजे कॅमेऱ्याला काहीतरी खटकलं. लाल म्हणजे संपलं.

"साहेब, ऋतुजाचा पिवळा झाला," मी म्हटलं.

"होईल हो हिरवा. मॅडम, तेवढ्या लिंबाच्या फोडी ठेवायला सांगा ना प्लेटांवर."

मी लिंबाचं सांगून आले. ठिपका पिवळाच होता.

माझी ओळख आधी करून देते. मी गिरिजा हत्तरगी, मूळची गडहिंग्लजकडची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ईडीपी विभागात नोकरी केली. ईडीपी म्हणजे जुन्या काळचा कॉम्प्युटर विभाग. पगार, स्टोअर, डिस्पॅच, सगळ्याचे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. विभागात बाई मी एकटीच, त्यामुळे चहा सांगायचा झाला की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. मी त्यांना कधी चहा सांगितला नाही. खडूस म्हणून नाव पडलं, ते मी रिटायर होईपर्यंत टिकवलं.

रिटायर झाल्यावर कंपनीनेच परत बोलावलं. सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजासाठी जे काम करतात, त्यातून मुलींसाठी कोडिंगचा कोर्स काढायचा होता. देसाई साहेब त्याचे प्रमुख. माणूस मनाने चांगला, पण फोटोचा भारी सोस. मी हो म्हटलं, कारण शिरोलीतल्या एवढ्या कारखान्यांत आणि कोल्हापुरातल्या एवढ्या सॉफ्टवेअर ऑफिसांत कुठेही गेलं तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या खुर्चीवर मुलगाच दिसायचा. मुलगी दिसली तर रिसेप्शनला. हे मला नोकरीभर खुपत होतं.

कोर्सला आलेल्या बहुतेक मुलींच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. मोबाईल असला तर तो भावाच्या नाहीतर बापाच्या खिशात. म्हणून कंपनीने त्यांना वापरायला लॅपटॉप दिले. त्यातला एक गेला कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, ऋतुजाकडे. तिचे वडील कारखान्यात बॉयलरवर. आई सुनीताताई घरीच. ऋतुजा बारावी होऊन बाहेरून बी.ए. करत होती.

ती हुशार आहे हे मला कोर्सच्या प्रोजेक्टवरून कळलं. प्रत्येकीने घरच्या उपयोगाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता. कारखान्यात तीन शिफ्ट असतात, चारची, बाराची आणि आठची, आणि त्या आठवड्याला फिरतात. अमुक तारखेला पप्पांची कुठली शिफ्ट, यावरून घरात रोज घोळ. ऋतुजाने प्रोग्रॅम लिहिला: तारीख घाला, शिफ्ट कळेल. तिच्याशेजारी बसणारी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सगळं वर्ष टाईप केलंस?" ऋतुजाने काहीच टाईप केलं नव्हतं. किती आठवडे झाले ते काढायचं, तिनाने भागायचं आणि बाकी किती उरते ते बघायचं. बाकीवरून शिफ्ट ठरते. पाच-सहा ओळींत काम झालं होतं.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"कुणी न्हाय मॅडम. तीनच तर हायत्या. फिरून फिरून तिथंच येणार की."

मी त्या दिवशी घरी जाऊन माझ्या नवऱ्याला दोनदा ही गोष्ट सांगितली. शिकवणाऱ्याला असा विद्यार्थी कधीतरीच मिळतो आणि मला तो रिटायर झाल्यावर मिळाला होता.

मग गल्लीला तिचा शोध लागला.

सुरुवात शेजारच्या हौसाआक्कांपासून झाली. आक्का एकट्या राहणाऱ्या, वयाने साठीपुढच्या, जिभेने तिखट. त्यांच्या पेन्शनचं ई-केवायसी अडलं होतं. ई-केवायसी म्हणजे आपण तेच आहोत हे सरकारला मोबाईलवरून पुन्हा एकदा पटवून द्यायचं. ऋतुजाने ते चुटकीसरशी करून दिलं. आक्कांनी नळावर पाणी भरताना तिचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोवारांच्या उंबऱ्यावर बायका दिसायला लागल्या. कुणाचं गॅसचं, कुणाचं रेशनचं, कुणाच्या पोराच्या स्कॉलरशिपचं. ओटीपी आला तर तो कुठे घालायचा, इथपासून सुरुवात.

ऋतुजाचा सराव मागे पडायला लागला. मी तिला वर्गात थांबवलं.

"घरी कोडिंगला कधी बसतेस?"

"बसतो की मॅडम. जरा गर्दी कमी झाली की बसतो." आमच्या भागात मुलीबायकाही 'बसतो', 'करतो' असंच बोलतात.

"गर्दी? घर आहे का एसटी स्टँड?"

ती हसली. "न्हाय म्हणायला जमत न्हाय वो. हौसाआक्कांनी मला ल्हानपणी न्हाऊ-माखू घातलंय. आई दवाखान्यात हुती तवा त्यांच्याकडंच जेवायला असायचो मी. आता त्यास्नी काय म्हणू, नंबर लावा?"

 

पुढच्या महिन्यात तालमीसमोर, म्हणजे गल्लीतल्या तरुण मंडळाच्या आखाड्यासमोर, बोर्ड लागला. कोल्हापुरात माणसाचं काहीही चांगलं झालं की चौकात त्याचा डिजिटल बोर्ड लागतोच. 'आमच्या गल्लीची शान! मोफत ऑनलाईन सेवा केंद्र.' बोर्डावर मंडळाचा अध्यक्ष बाळूदादा हात जोडून कमरेपर्यंत, आणि खाली कोपऱ्यात ऋतुजाचा बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो. तालमीच्या कट्ट्यावर तिच्यासाठी टेबल-खुर्ची टाकली होती. तिला शाल-नारळ दिला होता. पोरगी लाजून लाल झाली होती आणि सुनीताताईंचे डोळे भरून आले होते, असं मला नंतर कळलं.

मी बाळूदादाला गाठलं. दणकट माणूस, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. नगरसेवक व्हायची इच्छा त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायची.

"हे कुणाला विचारून केलंत?"

"विचारायचं काय त्यात मॅडम? पोरगीचं नाव केलं की आम्ही."

"नाव करायचं तर तिला अभ्यास करू द्या. दिवसभर ती तुमची कामं करत बसते."

"गल्लीची पोरगी हाय. गल्लीचं काम करंल न्हायतर कुणाचं करंल? बसा पावणं, च्या घ्या."

चहा घेतला. ज्याच्याशी भांडायला आलो तो चहा पाजतो, ही कोल्हापूरची रीत माझ्या कधी पचनी पडली नाही.

देसाई साहेब तर खूशच झाले. स्वतः जाऊन फोटो काढून आले. "मॅडम, याला म्हणतात इम्पॅक्ट! एक मुलगी शिकली आणि आख्खी गल्ली डिजिटल झाली."

"साहेब, आपण तिला प्रोग्रॅमर करायला घेतलंय. असल्या कामाला केंद्रं आहेत."

"अहो, दोन्ही होईल की."

दोन्ही होत नव्हतं. मुलगा कोडिंग शिकला असता तर गल्लीने त्याला दार लावून अभ्यास करू दिला असता, 'गप बसा, पोरगा अभ्यास करतोय' म्हणून लहान पोरांना हाकललं असतं. मुलगी शिकली की ते शिकणं पाणी भरणं, निवडणं-टिपणं यांच्या रांगेत जाऊन बसतं. घरची कामं होती, त्यात हे एक वाढलं. राग यावा तर कुणाचा? सगळे तिच्यावर माया करणारेच होते.

त्यातच पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची संधी आली. त्यांना डिग्री नको होती, फक्त डोकं हवं होतं. ऑनलाईन परीक्षा, पास झालं की पुण्यात ट्रेनिंग, राहायला हॉस्टेल आणि मग नोकरी. ऋतुजाच्या वडिलांना मी घरी जाऊन समजावलं. फार कमी बोलणारा माणूस. टोपी मांडीवर फिरवत म्हणाले, "एकदा बसू दे. लागलं तर जाऊ दे पुण्याला. न्हाय लागलं तर मग आम्ही स्थळ बघायला लागतो."

म्हणजे तिला ही एकच संधी होती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

ही परीक्षा कशी असते ते सांगते. तिला पर्यवेक्षक नसतो. लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक हेच पर्यवेक्षक. चौकटीत दुसरा चेहरा दिसला, दुसऱ्याचा आवाज आला, की स्क्रीनवर सूचना येते. तिसऱ्या सूचनेला परीक्षा आपोआप बंद. समोर माणूसच नाही, त्यामुळे कुणाला हात जोडायची सोय नाही. परीक्षेसाठी बंद होणारी खोली हवी, आणि आत एकटीने बसायला हवं.

आमच्या सेंटरमध्ये बंद होणारी खोली एकच. देसाई साहेबांची केबिन.

"साहेब, त्या दिवशी दोन तास केबिन द्या. ऋतुजाच्या घरी दोनच खोल्या आहेत, आणि दोन्हीत माणसं."

"नेमकं त्याच दिवशी पाहुणे आहेत हो मॅडम. त्यांना कुठे बसवू, लेथ मशीनवर? आणि घरी लॅपटॉप दिलाय की आपण. बाकीच्या तिघी देतातच ना घरून?"

बाकीच्या तिघींनी आपापली सोय केली होती. वारणानगरची एक तर मामाच्या व्हॅनमध्ये काचा वर करून बसणार होती. मी ऋतुजाला माझ्या घरी ये म्हटलं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम चाललेलं, आवाजाने कान किटत होते. शेवटी घरच ठरलं. पुढच्या खोलीत ती, मागे सुनीताताई, दाराला कडी.

आदल्या दिवशी मी स्वतः बावड्यात गेले. नळावर बायका होत्या, तिथेच उभी राहिले.

"उद्या अकरा ते एक ऋतुजाची परीक्षा आहे. कुणीही काम घेऊन जायचं नाही. मोबाईल बंद पडो, गॅस संपो, काही होवो."

हौसाआक्का घागर कमरेवर घेऊन म्हणाल्या, "म्हंजे काय मॅडम, आम्ही येडी हाय व्हय? पोरीचं कल्याण हुतंय. उद्या कोण काम घिऊन फिरकलं तर तंगडं मोडतो."

बाकीच्यांनीही शब्द दिला. आणि एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी: त्या सगळ्या बायकांनी तो शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी एकही बाई काम घेऊन गेली नाही.

मी केबिनमध्ये पोहे मांडत होते तेव्हा बावड्यात काय चाललं होतं, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. जसं घडलं तसं सांगते.

परीक्षा सुरू होऊन तास उलटून गेला होता. हौसाआक्का मागच्या दाराने आत आल्या. हातात वाटी, वाटीत दही-साखर. सुनीताताई न्हाणीत होत्या. आक्कांच्या हिशेबी हे काम नव्हतंच. पोरगी पेपरला बसली आणि तिच्या हातावर कुणी दही ठेवलं नाही, हे त्यांना बघवेना. त्या सरळ तिच्या खांद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. "जरा तोंड उघड गं बाय."

ठिपका पिवळा.

ऋतुजाने हातानेच त्यांना मागे सारलं. सुनीताताई ओल्या हातांनी धावत आल्या आणि आक्कांना बाहेर घेऊन गेल्या.

दुसरी गोष्ट दाराची. क्वार्टर्समध्ये दिवसा दार लावत नाहीत. दुपारी आडवं व्हायचं झालं तरी नुसतं लोटून घेतात. दिवसाउजेडी कडी दिसली तर त्याचे दोनच अर्थ, घरात आजारपण नाहीतर भांडण, आणि दोन्हीला शेजाऱ्याने धावून जायचं असतं. हे मला आधी कुणी बोललं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिथल्या कुणाला वाटतच नव्हतं. मी राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहते. आमची दारं कायमच बंद.

बाळूदादा बाहेरगावाहून नुकताच आला होता, त्याला परीक्षेचं माहीत नव्हतं. पोवारांचं दार बंद बघून तो खिडकीशी गेला. खिडकी नेमकी ऋतुजाच्या पाठीमागे.

"काय झालंय वो वहिनी? बरं हाय न्हवं सगळं?"

चेहराही आणि आवाजही. दुसरी सूचना.

माझ्या स्क्रीनवर पिवळ्या ठिपक्याशेजारी दोनचा आकडा आला. मला फोन करावासा वाटला. पण घरात फोन एकच, आणि तो वाजला तर तिसरी सूचना माझ्याच हाताने यायची. मी मोबाईल पर्समध्ये टाकून चेन लावली. 

"मॅडम, पाहुणे गेटवर आलेत," देसाई साहेब म्हणाले. मी हलले नाही.

तिकडे सुनीताताई उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या, कुणालाही येऊ द्यायचं नाही म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच हात करून परतवत होत्या. आतून लेकीला ठसका लागल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, थांबेचना. घाबरून पोरीचा घसा कोरडा पडला होता. त्यांच्याने राहवलं नाही. मागून आत जाऊन त्यांनी पेला भरून घेतला. कॅमेरा बघतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या वाकल्या, गुडघ्यांवर आल्या, आणि पेला सांभाळत जमिनीलगत सरकत टेबलापर्यंत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पेला वर ठेवायला तेवढ्या उठल्या.

माझ्या स्क्रीनवर ठिपका लाल झाला.

मी लॅपटॉप मिटला आणि पर्स घेतली. दारात देसाई साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते.

"मॅडम, निघालात कुठे? प्रेझेंटेशन कोण देणार?"

"पोहे आहेत की," मी म्हटलं आणि स्कूटर काढली.

बावड्यात पोचले तेव्हा पोवारांचं दार सताड उघडं होतं आणि अंगणात बायकाच बायका. सुनीताताई पायरीवर बसल्या होत्या, तो पेला अजून हातात होता. मला बघून त्या उठल्यासुद्धा नाहीत.

"मी वाकून गेलतो वो मॅडम," त्या म्हणाल्या. "जिमिनीसंगट गेलतो. मला वाटलं, खालचं त्याला दिसत नसंल."

हौसाआक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एरवी त्यांच्या तोंडून शब्द हिसकावून घ्यायला लागत नाही, आज मात्र अडखळत होत्या. "काम घिऊन न्हवतं गेलो मी. दही घिऊन गेलतो. दिलेला शब्द मोडला न्हाय मॅडम."

"नाही मोडला आक्का," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बाळूदादा हातात फोन घेऊन येरझाऱ्या घालत होता. "नंबर द्या मॅडम त्या कंपनीचा. मी बोलतो. कोण साहेब हाय तिथं?"

"साहेब नाही, बाळूदादा. मशीन आहे."

"मशीनला कोणतरी चालवत असंल की!"

तेही खरंच होतं. तिथूनच मी हेल्पलाइनला फोन लावला. कुठल्या तरी शहरातला एक मुलगा अतिशय नम्रपणे हिंदीत सांगत राहिला की हे सिस्टिमने आपोआप केलेलं आहे, त्यात त्याला काही बदलता येत नाही. पाण्याचा पेला होता हे मी त्याला सांगितलं. आई होती हेही सांगितलं. त्याने तक्रार नोंदवून घेतली.

ऋतुजा आत होती. रडत नव्हती. लॅपटॉप मिटून त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"किती राहिलं होतं?" मी विचारलं.

"शेवटचा एकच. भागून बाकी काढायचा. मला येत हुता."

मी तिच्याजवळ बसले. नोकरीभर खडूस म्हणवून घेतलेल्या मला त्या क्षणी रडू आलं, आणि तिने मला रुमाल दिला.

"आईला काय बोलू नका मॅडम," ती हळूच म्हणाली. "मला ठसका लागला म्हणून आली ती."

पुढे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. मी मेल लिहिली. देसाई साहेबांनीही, त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं, पुण्यात ओळखीच्या माणसांना फोन केले. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. नियम सगळ्यांना सारखा, एकीला सवलत दिली तर बाकीच्यांवर अन्याय. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित हेच लिहिलं असतं, पण म्हणून ते वाचायला सोपं गेलं नाही. व्हॅनमध्ये बसलेली वारणानगरची मुलगी पास झाली आणि पुण्याला गेली. तिचं मला कौतुक आहे. पण ती ऋतुजाइतकी हुशार नव्हती, आणि हे आम्हा तिघींनाही माहीत आहे.

"पुढच्या वेळी बघू," देसाई साहेब म्हणाले. पुढच्या वेळी कंपनीने डिग्री मागितली. ऋतुजाची बी.ए. त्यांना चालणारी नव्हती. तिच्या वडिलांनी बोलल्याप्रमाणे स्थळं बघायला सुरुवात केली. कोर्सच्या वार्षिक अहवालात तालमीच्या कट्ट्यावरचा तिचा फोटो मात्र पहिल्या पानावर छापून आला, आणि खाली लिहिलं होतं, 'तंत्रज्ञानातून सक्षमीकरण'. मी तो अहवाल घरी आणला नाही.

आमच्याकडे बदल झाला तो असा. आता परीक्षा असली की केबिन मुलींची, आणि देसाई साहेब बाहेर खुर्ची टाकून राखण करत बसतात. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलींच्या आया, आज्या आणि शेजारणी यांना बोलावतो. एकेकीला लॅपटॉपसमोर बसवतो आणि कॅमेऱ्याला कुठपर्यंत दिसतं ते दाखवतो. वाकून गेलं तरी दिसतं, हेही दाखवतो. बायका खूप हसतात. मला तेव्हा हसू येत नाही. मुलीला कोडिंग शिकवायचं तर आधी घराला आणि गल्लीला कॅमेरा शिकवावा लागतो, एवढं मी या कामात शिकले, आणि ज्या मुलीवरून शिकले तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

परवा मला हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवून सिद्ध करायचं असतं. मला ते घरी करता येतं. तरी मी बावड्याला गेले. तिला भेटायला काहीतरी निमित्त हवं होतं.

तालमीच्या कट्ट्यावर ती होती. मला बघून उठली, पाया पडली, खुर्ची पुसून दिली. भोवती बायका होत्याच. "आज मॅडमचंच काम हाय व्हय!" म्हणत हौसाआक्का माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभ्या राहिल्या. ऋतुजाने मोबाईल माझ्या चेहऱ्यासमोर धरला.

"मागं सरा सगळी," ती म्हणाली. "ह्यात एकच चेहरा पायजे."

तेवढं म्हणताच सगळ्या मागे झाल्या. कुणी कुरकुरलं नाही. आक्कांनी दोन्ही हात पसरून दुसऱ्या बायकांना आणखी मागे ढकललं. सुनीताताई माझ्यासाठी चहा घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्या पलीकडच्या कडेलाच थांबल्या, कप हातात तसाच धरून.

माझा दाखला लगेच झाला. मोबाईल खाली गेला, बायका पुन्हा बोलायला लागल्या, आक्का परत खुर्चीला टेकल्या. सुनीताताई मात्र तिथेच उभ्या. रस्त्यावरून एक दूधवाला गेला, दोन सायकली गेल्या, तरी त्या हलेनात.

शेवटी ऋतुजानेच हाक मारली. "ये आई. झालं."

तेव्हा त्या आल्या. चहा गार झाला होता. मी तो तसाच पिऊन टाकला.